लिनक्सच्या मशिनचीही मुदत असते : आवृत्त्या, सुरक्षा अपडेट आणि अपग्रेडचं नियोजन

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्याच्या आगेमागे कोल्हापुरात बरीच जुनी पण धडधाकट मशिनं लिनक्सवर आली. शाहूपुरीतली हिशेबाची ऑफिसं, राजारामपुरीतल्या क्लासच्या लॅब, उद्यमनगरातली वर्कशॉप, सगळीकडे हे दिसलं. पैसे वाचले आणि रखडणारं मशिन पळायला लागलं. आता काळजी आहे ती पुढची. ‘लिनक्स टाकलंय, व्हायरसचा प्रश्न मिटला’ असं समजून ते मशिन वर्षानुवर्षं कोणी उघडून बघत नाही. ज्या पोरानं ते बसवून दिलं, ते दरम्यान पुण्याला नोकरीला गेलेलं असतं.

लिनक्सच्या प्रत्येक आवृत्तीला मुदत असते. ती संपली म्हणून मशिन बंद पडत नाही. बिलं छापली जातात, फाइली उघडतात, इंटरनेट चालतं. नव्यानं सापडलेली भोकं बुजवणारं मात्र मागे कोणी उरत नाही. म्हणून कुठलं लिनक्स भारी, या वादाआधी दोन गोष्टी ठरवा: या मशिनची मुदत कधी संपते, आणि त्याआधी त्याला पुढच्या आवृत्तीवर कोण नेणार. हा लेख या दोन प्रश्नांसाठी आहे. उदाहरणं मुख्यतः डेबियन या लिनक्स प्रकाराची घेतली आहेत, कारण उबुंटू त्याच्यावरच उभा आहे आणि मिंट उबुंटूवर. आपल्या सीडॅकचं बॉस लिनक्ससुद्धा डेबियनवरच बेतलेलं आहे. आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी लहान अक्षरांत करायच्या.

आवृत्ती बाहेर कशी पडते

डेबियनमध्ये एकाच वेळी तीन प्रवाह चालू असतात. नवं पॅकेज (म्हणजे एखादा प्रोग्राम किंवा त्याचा भाग) आधी ‘अनस्टेबल’मध्ये येतं. या प्रवाहाचं नाव कायम सिड असतं. तिथे काही दिवस ते मोठी गडबड न करता टिकलं की ‘टेस्टिंग’मध्ये जातं. साधारण दोन वर्षांनी टेस्टिंग टप्प्याटप्प्यानं गोठवतात. नवी पॅकेजं घेणं थांबतं आणि चुका तेवढ्या दुरुस्त होतात. सगळं जागेवर बसलं की तेच ‘स्टेबल’ म्हणून बाहेर येतं. डेबियन ११ बुल्सआय १४ ऑगस्ट २०२१ ला आली, १२ बुकवर्म १० जून २०२३ ला आणि १३ ट्रिक्सी ९ ऑगस्ट २०२५ ला. ट्रिक्सीची गोठवण मार्च २०२५ मध्येच सुरू झाली होती. त्यानंतरचे पाच महिने मुख्यतः डागडुजी चालली होती. डेबियन वर्षानुवर्षं आधी तारीख जाहीर करत नाही, तयार झाल्यावरच आवृत्ती बाहेर काढतो.

या सावकाशीचा फायदा २९ मार्च २०२४ ला सगळ्या जगानं पाहिला. आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरला आपल्या मशिनवर एसएसएच (दूरच्या मशिनमध्ये सुरक्षितपणे शिरायची सोय) लॉगिनला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त का लागतोय, असा प्रश्न पडला. शोधत गेल्यावर कळलं, की एक्सझेड नावाच्या फाइल दाबून लहान करणाऱ्या साध्याशा पॅकेजच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कोणीतरी मुद्दाम चोरदरवाजा बसवला होता. तो डेबियनच्या अनस्टेबल आणि टेस्टिंगमध्ये पोचला होता. स्टेबलमध्ये पोचला नव्हता, कारण स्टेबलमध्ये पॅकेजच्या नव्या आवृत्त्या सहसा घेतच नाहीत. धंद्याच्या मशिनवर ‘सगळ्यात नवं’ हवं म्हणून टेस्टिंग टाकायला निघालेल्या प्रत्येकाला मी ही घटना सांगतो.

उबुंटूची पद्धत वेगळी, कॅलेंडर बघून चालणारी. दर सहा महिन्यांनी, एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये आवृत्ती येते आणि नंबरातच वर्ष-महिना असतो. २४.०४ म्हणजे २०२४ चा एप्रिल. सम वर्षातल्या एप्रिलची आवृत्ती एलटीएस, म्हणजे दीर्घ मुदतीची. तिला पाच वर्षं सुरक्षा अपडेट मिळतात. मधल्या आवृत्त्यांना फक्त नऊ महिने. दुकानात, पतसंस्थेत किंवा शाळेत मधली आवृत्ती टाकणं म्हणजे वर्षाच्या आत पुन्हा तेच काम अंगावर घेणं. तिथे ती टाकूच नका. मिंटची मुख्य आवृत्ती एलटीएसवरच असते, त्यामुळे २१ ची मालिका २०२७ पर्यंत आणि २२ ची २०२९ पर्यंत चालेल. फेडोरा दर सहा महिन्यांनी येतो आणि एका आवृत्तीला साधारण १३ महिने सांभाळतो. शिकणाऱ्याला उत्तम, पण गल्ल्यावरच्या मशिनला नको.

मुदत जाहीर झाली म्हणजे ती दगडावरची रेघ, असंही धरून चालू नका. सेंटओएस ८ या सर्व्हरवरच्या लिनक्सचा सपोर्ट २०२९ पर्यंत असेल असं गृहीत धरून अनेकांनी सर्व्हर उभे केले. डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झालं, की तो ३१ डिसेंबर २०२१ लाच संपेल. लोकांना जेमतेम वर्षभरात अल्मा, रॉकी किंवा दुसऱ्या कशावर तरी जावं लागलं. म्हणून वर्षातून एकदा तरी आपल्या आवृत्तीची तारीख मूळ प्रकल्पाच्या पानावर जाऊन पुन्हा बघायची.

नंबर जुना दिसतो, तरी दुरुस्ती झालेली असते

इथे भल्याभल्यांचा गोंधळ होतो, म्हणून जरा थांबून बघू. १ जुलै २०२४ ला ओपनएसएसएचमधली एक गंभीर त्रुटी जाहीर झाली. तिला ‘रिग्रेशन’ या शब्दावरून ‘रिग्रेएसएसएच’ असं नाव पडलं. मूळ प्रकल्पानं तिची दुरुस्ती ९.८ मध्ये दिली. बुकवर्ममध्ये तर ९.२ होती. मग बुकवर्मवाल्यांनी काय करायचं? ९.८ शोधून हातानं टाकायची?

अजिबात नाही. डेबियनच्या सुरक्षा गटानं तेवढीच दुरुस्ती उचलून ९.२ मध्ये बसवली आणि त्याच दिवशी पाठवली. टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) ‘एपीटी पॉलिसी ओपनएसएसएच-सर्व्हर’ दिलं की ‘इन्स्टॉल्ड’ या शब्दापुढे ‘१:९.२पी१-२+डेब१२यू३’ अशा धाटणीचा लांबलचक नंबर दिसतो. त्यातला ९.२पी१ हा मूळ प्रकल्पाचा नंबर. तो आवृत्तीच्या आयुष्यभर सहसा हलत नाही. नजर ठेवायची ती शेपटावर. डेब१२ म्हणजे डेबियन १२ साठी, आणि यू३ म्हणजे त्या पॅकेजला मिळालेलं तिसरं अपडेट. त्या त्रुटीची दुरुस्ती या यू३ मध्ये होती. शेपूट यू२ असेल तर मशिन उघडं होतं. यू३ किंवा त्यापुढचं असेल तर त्या त्रुटीपुरतं सुरक्षित.

गंमत अशी, की त्याहून जुन्या डेबियन ११ मधली ८.४ या त्रुटीपासून मुळातच सुटली होती, कारण ती चूक ८.५ पासून आत आली होती. फक्त मोठा नंबर बघून ‘जुनं आहे, काढून टाका’ म्हणणारा तपासनीस आला तर त्याला शांतपणे हे शेपूट दाखवा. या नियमाला मोठा अपवाद ब्राउझरचा. फायरफॉक्स ईएसआर आणि क्रोमियम यांच्या जुन्या आवृत्तीत दुरुस्त्या मागे नेणं जमत नाही, म्हणून स्टेबलमध्येही त्यांच्या नव्या आवृत्त्या येत राहतात.

मुदतीचे दोन टप्पे

डेबियनच्या आवृत्तीला पहिली तीन वर्षं पूर्ण सपोर्ट असतो. डेबियनचा स्वतःचा सुरक्षा गट दुरुस्त्या पाठवतो आणि साधारण दर दोन महिन्यांनी सगळ्या दुरुस्त्या एकत्र करून पॉइंट रिलीज निघते. पुढची दोन वर्षं एलटीएसची. उबुंटूत एलटीएस म्हणजे आवृत्तीचा प्रकार, डेबियनमध्ये मात्र मुदतीचा हा दुसरा टप्पा. हे काम वेगळा गट करतो, त्यात स्वयंसेवक आणि कंपन्या दोन्ही असतात. सगळी पॅकेजं आणि सगळ्या जातीचे प्रोसेसर त्यात येतीलच असं नाही.

कोल्हापूरकराला हे समजावायला राजाराम बंधारा पुरेसा आहे. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. पूर्ण सपोर्ट संपला म्हणजे पाणी ३९ ला लागलं: घर सोडायचं नसतं, पण सामान वरच्या मजल्यावर न्यायची तयारी त्याच दिवशी सुरू होते. एलटीएस संपली म्हणजे ४३. तोवर थांबणाऱ्यांचे हाल आपण पाहिलेत.

आता तारखा. डेबियन ११ ची एलटीएस ३१ ऑगस्ट २०२६ पर्यंत. डेबियन १२ चा पूर्ण सपोर्ट १० जून २०२६ पर्यंत, एलटीएस ३० जून २०२८ पर्यंत. डेबियन १३ चा पूर्ण सपोर्ट ऑगस्ट २०२८ पर्यंत, एलटीएस जून २०३० पर्यंत. डेबियन १० किंवा त्याआधीची आवृत्ती असेल तर तिची एलटीएससुद्धा केव्हाच संपली आहे. उबुंटू २०.०४ चा नेहमीचा सपोर्ट ३१ मे २०२५ ला संपला. २२.०४ चा २०२७ मध्ये आणि २४.०४ चा २०२९ मध्ये संपेल.

उबुंटूत एक बारकावा आहे. पाच वर्षांची हमी ‘मेन’ या भागातल्या पॅकेजना असते. ‘युनिव्हर्स’मधली हजारो पॅकेजं त्यात पूर्णपणे येत नाहीत. ती हवी असतील आणि मुदत दहा वर्षांपर्यंत वाढवायची असेल, तर उबुंटू प्रो जोडावं लागतं. वैयक्तिक वापरासाठी ते पाच मशिनपर्यंत मोफत आहे. ‘प्रो सिक्युरिटी-स्टेटस’ ही आज्ञा दिली की कुठली पॅकेजं कशाखाली येतात ते आकड्यांत कळतं.

यादी करा, आणि अपडेट खरंच येताहेत का ते बघा

एक वही किंवा एक्सेलचं पान घ्या. मशिन कुठे आहे, कशासाठी वापरतात, आवृत्ती कोणती, पूर्ण सपोर्ट कधी संपतो, एलटीएस कधी संपते, आणि जबाबदार माणूस कोण, एवढे रकाने पुरेत. शेवटचा रकाना रिकामा राहिला तर बाकीची यादी करून उपयोग नाही. सीपीयूवर तारखेची चिठ्ठीही चिकटवा. वही हरवते, चिठ्ठी समोर दिसते.

आवृत्ती कळायला ‘कॅट /ईटीसी/ओएस-रिलीज’ द्या. नाव आणि नंबर दोन्ही येतात. लगेच ‘डीपीकेजी --प्रिंट-आर्किटेक्चर’ही बघून घ्या. उत्तर ‘आय३८६’ आलं तर ते मशिन ३२ बिटवर आहे. डेबियन १३ मध्ये ३२ बिटच्या पीसीसाठी कर्नलही (सिस्टिमचा गाभा) नाही आणि इन्स्टॉलरही नाही, म्हणून अशा मशिनवर थेट अपग्रेड करायचंच नाही. मात्र प्रोसेसर ६४ बिटचा आणि आत सिस्टिम ३२ बिटची, असं बऱ्याचदा असतं. ‘एलएससीपीयू’ दिलं की प्रोसेसर दोन्ही चालवतो का ते दिसतं. चालवत असेल तर डेटा काढून ६४ बिट नव्यानं टाका.

मग अपडेट कुठून येतात ते तपासा. ‘/ईटीसी/एपीटी’ या फोल्डरात ‘सोर्सेस.लिस्ट’ नावाची फाइल असते, किंवा ‘सोर्सेस.लिस्ट.डी’ या उपफोल्डरात नव्या धाटणीच्या फाइली. बुकवर्मसाठी तिथे तीन नावं दिसायला हवीत: ‘बुकवर्म’, ‘बुकवर्म-अपडेट्स’ आणि ‘बुकवर्म-सिक्युरिटी’. तिसरं नाव नसेल तर मशिन वर्षानुवर्षं ‘सगळं अद्ययावत’ म्हणत राहतं आणि सुरक्षा दुरुस्त्या मिळतात फक्त पॉइंट रिलीजमधून, म्हणजे महिनोन् महिने उशिरा. इंटरनेट नसताना पेनड्राइव्हवरून इन्स्टॉल केलेल्या मशिनवर तर फक्त ‘सीडीरॉम’ची ओळ सापडते, बाकी काही नाही. अशा मशिनला इन्स्टॉलच्या दिवसापासून एकही अपडेट मिळालेलं नसतं.

त्या फाइलीत नावाऐवजी ‘स्टेबल’ हा शब्द असेल तर तोही बदला. नवी आवृत्ती आली की ‘स्टेबल’चा अर्थ बदलतो, आणि पुढच्या अपडेटला मशिन तुम्ही न ठरवता नव्या आवृत्तीवर जायला निघतं. ऐन मार्चअखेरीत असं झालेलं कोणाला चालेल? नेहमी ‘बुकवर्म’, ‘ट्रिक्सी’ अशी नावंच लिहा.

आणि ‘सोर्सेस.लिस्ट.डी’मध्ये बाहेरच्या कंपन्यांचे स्रोत, पीपीए (उबुंटूसाठी इतरांनी चालवलेले पॅकेजचे स्रोत) वगैरे किती आहेत तेही मोजा. डेबियन-उबुंटूची मुदत त्यांना लागू होत नाही. फ्लॅटपॅक आणि डॉकर या प्रोग्राम आपापल्या वेगळ्या डब्यात चालवायच्या पद्धती. फ्लॅटपॅकच्या रनटाइमची आणि डॉकरच्या इमेजची मुदतही वेगळी असते. खालची सिस्टिम ताजी असली तरी त्या आपोआप ताज्या होत नाहीत.

रोजचं काम मशिनवर सोपवा

दररोज कोणी अपडेट करेल अशी अपेक्षा ठेवू नका. ‘अनअटेंडेड-अपग्रेड्स’ हे पॅकेज आहे का बघा, नसेल तर टाका आणि ‘डीपीकेजी-रीकॉन्फिगर अनअटेंडेड-अपग्रेड्स’ देऊन चालू करा. त्यानंतर सुरक्षा अपडेट आपोआप येऊन बसतात. काय काय बसलं ते ‘/व्हार/लॉग/अनअटेंडेड-अपग्रेड्स’मध्ये नोंदलेलं असतं. ती नोंद महिन्यातून एकदा वाचा. शेवटची तारीख दोन महिन्यांपूर्वीची दिसली तर डिस्क भरली आहे, इंटरनेट तुटलं आहे किंवा एखादं पॅकेज अडकलं आहे.

एक गोष्ट मात्र आपोआप होत नाही: रीस्टार्ट. कर्नलची दुरुस्ती डिस्कवर बसते, पण मशिन चालत राहतं जुन्याच कर्नलवर. यूपीएसवर चालणारे आणि वर्षभर बंद न झालेले सर्व्हर मी पाहिले आहेत आणि मालक ते अभिमानानं दाखवतात. सुरक्षेच्या दृष्टीनं ही काळजीची बाब आहे. ‘नीडरीस्टार्ट’ टाका. कुठली सेवा अजून जुन्या फाइलींवर चालू आहे आणि कर्नल बदलायचं बाकी आहे का, ते तो सांगतो. साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी रीस्टार्ट, असा नियमच करून टाका.

मोठ्या अपग्रेडचा दिवस कसा निवडायचा

नवी स्टेबल आली की जुनीला साधारण वर्षभर पूर्ण सपोर्ट चालू राहतो. हेच तुमच्या हातातलं वर्ष. पहिल्या आठवड्यात उडी मारू नका, एक-दोन पॉइंट रिलीज येऊ द्या. शेवटच्या आठवड्यापर्यंतही थांबू नका.

आपल्याकडचं कॅलेंडर पुढे ठेवा. मार्च आणि एप्रिल हिशेबात जातात. दर महिन्याच्या ११ आणि २० तारखेच्या आसपास जीएसटीचं काम असतं. जुलै-ऑगस्टमध्ये पुराची टांगती तलवार. त्यानंतर गणपती, मग नवरात्रात महाद्वार रोडच्या बाजूला श्वास घ्यायला वेळ नसतो. साखर कारखान्यांना सुटे भाग पुरवणाऱ्यांची गळीत हंगामाआधी धांदल असते. दिवाळीनंतर ते जानेवारीअखेर, हा काळ मला बहुतेकांसाठी सोयीचा वाटतो. शाळांच्या लॅबसाठी मे महिना. एकाच दिवशी सगळी मशिनं घेऊ नका. कमी महत्त्वाचं एक आधी, ते आठवडाभर वापरून बघायचं, मग बाकीची.

अपग्रेड : बुकवर्मवरून ट्रिक्सीवर

सुरुवात बॅकअपनं, आणि तो खरोखर उघडून बघितलेला बॅकअप हवा. मिंटवरचं टाइमशिफ्ट सिस्टिमच्या फाइली मागे नेतं. तुमची बिलं आणि ड्रॉइंग त्यात धरलेली नसतात. त्यांची वेगळी प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या, आणि ती डिस्क दुसऱ्या जागी ठेवा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. मशिन आणि बॅकअप एकाच तळमजल्यावर असतील तर तो बॅकअप नव्हे.

मग ट्रिक्सीच्या रिलीज नोट्स वाचा. कंटाळवाण्या वाटतात, पण तुमच्या मशिनची अडचण बहुधा त्यात आधीच लिहिलेली असते. या वेळी त्यात सांगितलं आहे, की ‘/बूट’ वेगळं असेल तर ते किमान ७६८ एमबीचं असावं आणि ३०० एमबीच्या आसपास मोकळं असावं. ‘डीएफ -एच’ देऊन बघा, जुन्या मशिनवर हे हटकून कमी भरतं. दुसरं, ‘/टेम्प’ आता मेमरीत राहतं, म्हणजे स्कॅन केलेल्या फाइली तिथे साठवायची कोणाला सवय असेल तर रीस्टार्टनंतर त्या जातील. तिसरं, नेटवर्क कार्डाचं नाव बदलू शकतं. तसं झालं तर दूरवरून जोडलेल्या सर्व्हरशी संपर्क तुटतो, म्हणून मॉनिटर-कीबोर्ड जोडता येईल अशा वेळीच काम करा. चौथं, मारियाडीबी हा डेटाबेस वापरत असाल तर अपग्रेडआधी ती व्यवस्थित बंद करा. मध्येच तुटलेल्या स्थितीतून तिची मोठी आवृत्ती बदलणं भरवशाचं नाही. पोस्टग्रेस हा दुसरा डेटाबेस १५ वरून १७ वर जातो आणि डेटा आपणहून नव्या आवृत्तीत जात नाही, त्यासाठी ‘पीजी_अपग्रेडक्लस्टर’ हातानं चालवावं लागतं. पीएचपी ८.२ वरून ८.४ होतं, म्हणजे जुनी वेबसाइट आधी दुसऱ्या मशिनवर चालवून बघा.

आता प्रत्यक्ष काम. बुकवर्मवरच ‘एपीटी अपडेट’ आणि ‘एपीटी फुल-अपग्रेड’ देऊन सगळं अद्ययावत करा. ‘एपीटी-मार्क शोहोल्ड’नं कुठलं पॅकेज अडवून ठेवलेलं नाही ना ते बघा. बाहेरचे स्रोत तात्पुरते बंद करा. मग सोर्सेसच्या फाइलीत जिथे जिथे ‘बुकवर्म’ आहे तिथे ‘ट्रिक्सी’ लिहा. ‘ट्रिक्सी-सिक्युरिटी’ हे नाव नीट पडलंय का ते डोळ्यांनी तपासा. दूरवरून करत असाल तर आधी ‘टीमक्स’ किंवा ‘स्क्रीन’ उघडा. तुमच्याकडची लाइट गेली किंवा जोडणी तुटली तरी सर्व्हरवरचं काम चालू राहतं.

पुन्हा ‘एपीटी अपडेट’. त्यानंतर लगेच पूर्ण अपग्रेड करू नका. आधी ‘एपीटी अपग्रेड --विदाउट-न्यू-पॅकेजेस’ या अर्थाची छोटी पायरी करा. टाइप करताना शेवटचा शब्द ‘पीकेजीएस’ असा आखूड आहे. यात नवी पॅकेजं न आणता किंवा काढता जेवढं पुढे नेता येतं तेवढं नेलं जातं. मग ‘एपीटी फुल-अपग्रेड’. तो काय काढून टाकणार आहे, ती यादी ‘हो’ म्हणण्याआधी पूर्ण वाचा. त्यात विंडोजच्या मशिनांशी फोल्डर शेअर करणारं सांबा, प्रिंटिंगचं कप्स किंवा डेस्कटॉप दिसला तर थांबा.

मध्येच विचारणा होते: तुम्ही बदललेली सेटिंगची फाइल ठेवू, की नवी घेऊ? बदल तुम्ही मुद्दाम केला असेल तर जुनी ठेवा. नवी प्रत ‘डीपीकेजी-डिस्ट’ असं शेपूट लावून शेजारी राहते, ती दुसऱ्या दिवशी सावकाश ताडून बघा. काम संपलं की रीस्टार्ट, मग ‘एपीटी ऑटोरिमूव्ह’. रीस्टार्टआधी जुनी कर्नलं काढू नका. नवीन उठलं नाही तर परतायला तीच असतात.

आवृत्ती वगळून उडी मारायची नाही. डेबियन ११ वरून आधी १२, मग १३. उबुंटूत ‘डू-रिलीज-अपग्रेड’ एका एलटीएसवरून लगतच्या पुढच्या एलटीएसवरच नेतं, आणि तेही नव्या एलटीएसची पहिली पॉइंट रिलीज आल्यावर सुचवतं. नव्या आवृत्तीची बातमी आली आणि अपग्रेड दिसत नाही म्हणून जबरदस्ती करू नका, तीन-चार महिन्यांनी आपोआप येतं.

उठल्यावर काय तपासायचं ते वापरणाऱ्यालाच विचारा. साधारणपणे बिलाचा प्रिंटर, स्कॅनर, डिजिटल सहीचं टोकन, आणि मराठी टायपिंग. इन्स्क्रिप्ट कीबोर्ड निवडलेला राहिला आहे का, जोडाक्षरं आणि ‘ऱ्य’ नीट उमटतात का, ते एक पत्र टाइप करूनच कळतं.

उद्यमनगरची खास अडचण : जुनं सीएनसी आणि सांबा

वर्कशॉपमध्ये लिनक्सचा सर्व्हर बहुधा एकाच कामाला असतो: ड्रॉइंग आणि सीएनसीचे (संगणकाच्या आज्ञेवर चालणाऱ्या यंत्रांचे) प्रोग्राम एका शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवायला. मशिनच्या कंट्रोलरवर किंवा शेजारच्या पीसीवर विंडोज एक्सपी असतं, आणि ते बदलता येत नाही, कारण कंट्रोलरचं सॉफ्टवेअर दुसऱ्या कशावर चालतच नाही.

एक्सपीला फाइली शेअर करायचा एसएमबी १ हा जुना प्रोटोकॉलच कळतो. सांबानं २०१९ मध्ये आवृत्ती ४.११ पासून तो मूळ सेटिंगमध्ये बंद केला. डेबियन १० मध्ये सांबा ४.९ होतं, ११ मध्ये ४.१३. म्हणजे १० वरून पुढे गेलं, की सगळी ऑफिसची मशिनं जोडली जातात आणि नेमकं सीएनसी जोडलं जात नाही. ऑपरेटर म्हणतो, ‘साहेब, अपग्रेडनं बिघडवलं.’ बिघडलेलं काही नसतं. तो प्रोटोकॉल असुरक्षित आहे म्हणूनच बंद केला आहे.

हे आधीच कळू शकतं. अपग्रेडच्या आठवड्यात, सगळी मशिनं चालू असताना, सर्व्हरवर ‘एसएमबीस्टेटस’ द्या. प्रत्येक जोडणीसमोर प्रोटोकॉल लिहून येतो. कुठे ‘एनटी१’ दिसलं तर तो कंट्रोलर अडणार. त्याच्यासाठी मुख्य सर्व्हरवर ‘सर्व्हर मिन प्रोटोकॉल’ खाली आणणं हा सोपा वाटणारा पण चुकीचा मार्ग आहे. एका मशिनसाठी सगळ्या ऑफिसचं दार उघडं राहतं. त्याऐवजी एक जुना छोटा पीसी मध्ये ठेवा आणि त्याला दोन नेटवर्क कार्डं लावा. एका बाजूला फक्त सीएनसी, तिथे एसएमबी १ चालू. दुसऱ्या बाजूनं मुख्य सर्व्हरकडून लागणारे प्रोग्राम तेवढे ओढून घ्यायचे. दोन्ही बाजूंमध्ये वाहतूक पुढे सरकवणं बंद ठेवायचं, आणि सीएनसीच्या बाजूला इंटरनेट अजिबात द्यायचं नाही. त्या मधल्या पीसीवरही सपोर्ट चालू असलेली आवृत्तीच हवी.

जे मशिन हलवताच येत नाही

एखाद्या मशिनवरचं सॉफ्टवेअर इतकं जुनं असतं, की नव्या आवृत्तीवर ते उठतच नाही. डेबियनच्या एलटीएसनंतर फ्रीएक्झियन ही कंपनी पैसे घेऊन ईएलटीएस देते, त्यात मुदत दहा वर्षांपर्यंत जाते. उबुंटूवाल्यांना प्रोचा मार्ग आहे. यातलं काहीच परवडत नसेल तर इंटरनेट काढा, पेनड्राइव्ह एकच आणि तोही ठरावीक माणसाकडे ठेवा. त्या मशिनवर ब्राउझर आणि ईमेल उघडू देऊ नका, आणि त्यावरच्या डेटाची प्रत दर आठवड्याला बाहेर काढा. यादीत त्याच्यासमोर ‘बदली कधी’ हा रकाना वाढवा आणि त्यात महिना-वर्ष घाला, ‘बघू’ नको.